जुनी लक्झरी एसयूव्ही आणि छोट्या बिलाचं मोठं बिल

महिन्यातनं एकदा तरी असा फोन येतोच. "ताई, एमएल मिळतीय, २०१०ची, दिल्ली पासिंग, साडेसात म्हणतोय, सातपर्यंत येईल, घेऊ का?" कधी मर्सिडीजच्या एमएलच्या जागी ऑडीची क्यू सेव्हन असते, कधी बीएमडब्ल्यूची एक्स फाइव्ह, कधी लँड रोव्हरची डिस्कव्हरी. मी एवढंच विचारते, फाईल आहे का? म्हणजे सर्व्हिसची बिलं, जॉब कार्ड, कुठल्या किलोमीटरला काय बदललं त्याचा कागद. दहातल्या आठ जणांनी सनरूफ उघडून बघितलेलं असतं, फाईल मागितलेली नसते.

कोल्हापुरात उद्यमनगरात आमच्या दादाचं गॅरेज आहे. पाना तो आणि पोरं फिरवतात, मी पार्ट मागवते, जॉब कार्ड लिहिते, बिलं करते. त्यामुळं गाडी पळते कशी यापेक्षा ती पळवायला वर्षाला काय लागतं हे मला जास्त माहिती आहे. एवढ्या वर्षांच्या बिलांवरनं माझं मत असं झालंय की या गाड्या मुळात कच्च्या नाहीत. उलट पाया इतका दणकट असतो की तीन लाख किलोमीटर झालेलं इंजिन पण आतनं बघण्यासारखं निघतं. पण यांची मोठी बिलं जवळजवळ कधीच मोठ्या बिघाडापासनं सुरू होत नाहीत, ती एखाद्या सीलपासनं, एखाद्या गळक्या रबरापासनं, तुंबलेल्या नळीपासनं सुरू होतात आणि कुणीतरी दोन वर्षं "बघू नंतर" म्हटलेलं असतं. आज तेच जरा सविस्तर लिहिते, कारण फोनवर एवढं सांगता येत नाही.

आधी स्वस्त का मिळतात ते. नव्यात पन्नास लाखाच्या पुढची गाडी दहा-बारा वर्षांत छोट्या नव्या हॅचबॅकच्या भावात येते ती काय एका दिवसात नाही येत, पहिला मालक कर्ज फेडून वॉरंटी संपता संपता विकतो, दुसरा तीन वर्षं हौस भागवतो, तिसऱ्याकडं येईपर्यंत ती फक्त दिसायला मोठी राहिलेली असते. त्यात दिल्लीचा मामला वेगळा. २०१५ ला राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी सांगितली, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तेच उचलून धरलं. मग तिथल्या चांगल्या चांगल्या डिझेल एसयूव्ही दहा वर्षं भरत आली की एनओसी काढून बाहेरच्या राज्यात यायला लागल्या. नियम पुढं कधी कडक कधी ढिला होत राहिला, २०२५ च्या जुलैत पंपावर अशा गाड्यांना डिझेलच द्यायचं नाही असं निघालं आणि काही दिवसांत ते थांबवलं पण, पण भाव एकदा पडला तो पडलाच. त्यामुळं दिल्ली पासिंग म्हणजे गाडी वाईट असं अजिबात नाही, ती स्वस्त व्हायचं कारण बऱ्याचदा फक्त वय असतं. पण ती आणल्यावर इथं टॅक्स भरून एमएच नंबर घ्यायचा खर्च (बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात ठेवायची तर नंबर बदलावाच लागतो) हा किमतीत धरूनच सौदा करा. लोक तो धरत नाहीत आणि मग पहिल्याच वर्षी हात आखडतो, आणि हात आखडला की पहिला बळी सर्व्हिसचा जातो.

आता मुद्द्यावर येते.

मर्सिडीजच्या एमएल, जीएलमध्ये जे तीन लिटरचं व्ही सिक्स डिझेल आहे, ओएम ६४२, २९८७ सीसी, २००५ ला आलेलं, ते इंजिन मला मनापासनं आवडतं. आवाज गोड, ताकद भरपूर, आणि नीट ठेवलं तर खूप चालतं. त्याची रचना बघा, तीन सिलिंडर इकडं तीन तिकडं, मधे ७२ अंशाची खाच, आणि त्या खाचेच्या तळाशी इंजिनाचं तेल थंड करणारा ऑइल कूलर बसवलेला. त्याच्या वर इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग), टर्बो, सगळा पसारा. म्हणजे इंजिनातल्या सगळ्यात तापणाऱ्या जागी त्या कूलरचे रबराचे दोन सील. वर्षानुवर्षं तापून ते रबर कडक होतं आणि तिथनं तेल झिरपायला लागतं. झिरपलेलं तेल खाचेत साठतं, साठून मागच्या बाजूनं खाली उतरतं, आणि इंजिन-गिअरबॉक्स जिथं जोडलेत तिथनं थेंब थेंब पडतं. खालनं बघणाऱ्याला काय वाटणार, क्रँकचा मागचा सील गेला. मग तो गिअरबॉक्स उतरवतो, सील बदलतो, बिल लावतो, आणि पंधरा दिवसांनी परत थेंब सुरू. मालक म्हणतो गाडीच भंगार आहे. गाडी भंगार नाहीये हो, वर टॉर्च मारून खाचेत कुणी बघितलंच नाही!

त्या दोन सीलची किंमत म्हणाल तर एका फॅमिलीच्या हॉटेलच्या बिलाएवढी. पण तिथपर्यंत पोचायला टर्बो काढा, मॅनिफोल्ड काढा, पाईप काढा, परत सगळं नवीन गास्केट लावून बसवा, दीड-दोन दिवस एक माणूस त्यातच. कंपनीने नंतर जास्त उष्णता सोसणारे जांभळ्या रंगाचे सील आणले, ते एकदा बसले की शक्यतो परत त्या खाचेत जायची वेळ येत नाही. म्हणून अशी गाडी बघायला आली की मी पहिलं विचारते ऑइल कूलरचं काम झालंय का आणि त्याचं बिल आहे का. झालेलं असेल तर ती गाडी पन्नास हजार महाग घेतली तरी चालेल असं मी सांगते.

याच इंजिनात अजून एक जागा आहे. टर्बोच्या तोंडाशी हवा आत जायचा जो पाईप बसतो तिथं एक नारंगी-लाल रबर सील असतो. इंजिनाच्या ब्रीदरची (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीची) तेलकट वाफ त्याच वाटेनं जाते, सील सैल झाला की तेल बाहेर ओघळतं, आणि त्याच्या बरोबर खाली इनटेकच्या फ्लॅप फिरवणारी इलेक्ट्रिक मोटर आहे. तेल मोटरमध्ये उतरलं की मोटर जाते, डॅशवर चेक इंजिन लागतं, कधी गाडी ताकदच सोडते. सील काहीशे रुपयाचा आणि मोटर काही हजारांची, वर मोटर बदलायची तर परत तोच मॅनिफोल्ड उचलायचा. काही जण मोटरच्या जागी रेझिस्टर टोचून दिवा घालवतात. दिवा जातो, तेल गळत राहतं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ती गाडी "एकदम क्लीन, एकही लाईट नाही" म्हणून विकली जाते. त्यामुळं दिवा नाही यावर विश्वास ठेवू नका. टर्बोच्या तोंडाला बोट लावून बघा तेल लागतंय का, याला एक मिनिट पण लागत नाही.

एअर सस्पेन्शनचं तर काय सांगू. हे सगळ्या ब्रँडच्या जुन्या मोठ्या गाड्यांना लागू आहे. लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराचा फुगा असतो, त्यात कॉम्प्रेसर हवा भरतो, गाडी मऊ चालते, हायवेला खाली बसते, खड्ड्याला वर उठते. फुगा रबराचा आहे म्हणजे तो एक दिवस चिरणारच, आठ-दहा वर्षांनी घडीवर बारीक भेगा पडतात. सुरुवातीला कळत पण नाही, रात्रभरात एक कोपरा बोटभर खाली येतो, सकाळी स्टार्ट केली की परत उठते. मालक म्हणतो उठतीय ना, मग काय अडलंय. अडलं हे की कॉम्प्रेसर दिवसातनं दोन-चार मिनिटं चालायसाठी बनवलाय, तो आता गळकी हवा भरत सारखा चालतोय. तापतो, आतला ड्रायर ओलावा धरायचा बंद होतो, पाणी चारी फुग्यांना हवा वाटणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जातं, आणि शेवटी कॉम्प्रेसर जळतो, कधी त्याचा रिले, म्हणजे चालू-बंद करणारा स्विच, चिकटून बसतो आणि बॅटरी पण उतरवतो. एका फुग्याचं काम होतं, आता फुगा, कॉम्प्रेसर, रिले, व्हॉल्व्ह ब्लॉक. पुढचा एक ओरिजिनल स्ट्रट (फुगा आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र) साधारण लाखाच्या आसपास धरा, चांगल्या बाहेरच्या ब्रँडचा त्याच्या निम्म्यात किंवा त्याहून कमी, कॉम्प्रेसर चाळीस ते ऐंशी हजार, ब्रँडवर अवलंबून.

आणि तपासायला काय लागतं? साबणाचं पाणी. फवारा मारा, फुग्याच्या घडीवर, पाईपच्या जोडावर, बुडबुडे येतायत का बघा. घ्यायच्या आधी गाडी संध्याकाळी सपाट जागेवर लावायला सांगा, चारी चाकांच्या मध्यापासनं मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजा, सकाळी स्टार्ट न करता परत मोजा. विकणारा यालाच नाही म्हणत असेल तर आपण पण नाही म्हणायचं. दादाचा नियम आहे, एअर सस्पेन्शनची गाडी गिऱ्हाइकासाठी बघायची तर रात्र मधे गेलीच पाहिजे.

गिअरबॉक्सवरनं मात्र माझं लोकांशी भांडण होतं. "लाईफटाईम ऑइल आहे ताई, कंपनीनंच सांगितलंय बदलायचं नाही." एक्स फाइव्हची ई सेव्हंटी पिढी घ्या किंवा डिस्कव्हरी ३ घ्या, दोन्हीत झेडएफ या जर्मन कंपनीचा सहा स्पीडचा बॉक्स आलेला आहे (एक्स फाइव्हला पुढं २०१० नंतर आठ स्पीडचा आला). गाडी बनवणारे म्हणतात लाईफटाईम, आणि बॉक्स ज्यांनी बनवला ते झेडएफवाले स्वतः सांगतात ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, यातलं जे आधी होईल तेव्हा ऑइल बदला. आता तुम्हीच ठरवा कुणाचं ऐकायचं. आपल्याकडं तर घाट, उन्हाळा आणि शहरात एक किलोमीटरला पंधरा वेळा ब्रेक, इथं तर ते अजून आधी बदलायला पाहिजे. त्या बॉक्सला फिल्टर वेगळा नसतो, प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, म्हणून पॅनसकट बदलायचं. सोबत मेकॅट्रॉनिकच्या (गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटच्या) कनेक्टरचा प्लास्टिक स्लीव्ह बदलून टाकायचा, तो पण गळायला लागतो. ऑइल ठरलेल्याच स्पेकचं आणि लेव्हल ठरलेल्या तापमानाला धरायची, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधलं वाचणारं यंत्र) लावून, अंदाजपंचे नाही. सगळं धरून तीस-चाळीस हजार. बॉक्स उघडायची वेळ आली तर बिल लाखात सुरू होतं आणि कुठं थांबेल ते उघडल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही.

ज्या गाडीला एक लाख वीस हजार झालेत आणि गिअरबॉक्स ऑइलचं बिल नाही, तिचं ते काम बाकी आहे असं धरून चाळीस हजार कमी करून मागा. मग गाडी आणल्यावर पहिल्या आठवड्यात करून घ्या, पूजेचा नारळ फोडायच्या आधी म्हटलं तरी चालेल.

बाकीच्यांचं थोडक्यात. ऑडीचं थ्री लिटर टीडीआय डिझेल, क्यू सेव्हनमधलं, त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला आहे, गिअरबॉक्सकडं तोंड करून. चेन टिकते पण ती ज्यावर ताणलेली असते ते टेन्शनर आणि गाईड झिजतात, आणि त्याला हात घालायचा म्हणजे इंजिन नाहीतर गिअरबॉक्स बाहेर. म्हणून थंड गाडी स्टार्ट करताना पहिल्या दोन-तीन सेकंदात मागनं खडखड येते का ते कान देऊन ऐका. गाडी बघायला जाताना "बॉनेटला हात लावू दे" म्हणा, गरम असेल तर कुणीतरी आधीच स्टार्ट करून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी या. डिस्कव्हरी ३ च्या २.७ व्ही सिक्सला टायमिंग बेल्ट एक नाही दोन आहेत, पुढचा सगळ्यांना दिसतो, मागचा डिझेल पंप फिरवतो, आणि पुढचाच बदलून "बेल्ट झालाय" असं सांगणारे खूप. बीएमडब्ल्यूला बॅटरी बदलली की ती स्कॅनरनं नोंदवावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्याच हिशोबानं चालू राहतं आणि नवीन बॅटरी लवकर संपते.

पाण्याचा विषय मला वेगळा काढायचाय कारण इंटरनेटवर परदेशातले लोक लिहितात त्यात आपला पाऊस नसतो. आमच्याकडं गगनबावडा, राधानगरी, आंबोली या पट्ट्यातल्या गाड्या येतात, तिथं जूनपासनं सप्टेंबरपर्यंत गाडी वाळतच नाही. पॅनोरमिक सनरूफला कडेनं पन्हाळ असते आणि चार कोपऱ्यांतनं बारीक नळ्या खाली उतरतात, पाणी त्यातनं बाहेर जातं. झाडाखाली गाडी लावली की पानं, माती, शेवाळ जाऊन नळी तुंबते. मग पाणी आत, छताच्या कापडामागनं खांबातनं खाली, कार्पेटच्या खाली. आणि या गाड्यांच्या कार्पेटखाली, सीटखाली, मागच्या कप्प्यात काय असतं? वायरिंगचे जोड, कंट्रोल मॉड्यूल (गाडीचे छोटे कॉम्प्युटर), फ्यूज बॉक्स. क्यू सेव्हनची तर बॅटरीच पुढच्या सीटखाली आहे. वर कार्पेट कोरडं वाटतं, खाली जाड स्पंज असतो तो पाणी धरून बसतो, आणि मग एक दिवस खिडकी आपोआप खाली, सेंट्रल लॉक बंद, रात्री हॉर्न, सकाळी बॅटरी डेड. अशी एक गाडी आमच्याकडं आली तेव्हा मालकानं आधीच दुसरीकडं दोन मॉड्यूल बदलून घेतले होते आणि ते पण त्याच ओल्या स्पंजवर ठेवले होते. आम्ही सीट काढून कार्पेट उन्हात टाकलं, नळ्या साफ केल्या, गंजलेल्या पिना बदलल्या. पार्टचा खर्च जवळजवळ नाही, सगळी मजुरी.

मे महिन्यात सनरूफ उघडून चारी कोपऱ्यांत पेलाभर पाणी ओतायचं आणि चाकाशेजारी चारी बाजूंनी ते पडतंय का बघायचं. हे घरातलं कुणीही करू शकतं. नळीत तार घालू नका, ती आत सुटली किंवा फाटली तर छत उतरवावं लागतं. मऊ नायलॉनचा दोरा, नाहीतर हलकी हवा.

मग बिनत्रासाची जुनी मोठी गाडी नाहीच का? आहे, आणि तिचं नाव सगळ्यांना माहिती आहे. टोयोटाची लँड क्रूझर, प्राडो. प्राडोचं तीन लिटरचं डिझेल, १केडी, तेच इंजिन आपल्याकडच्या पहिल्या फॉर्च्युनरला होतं, आणि जुन्या इनोव्हाचं अडीच लिटर त्याचंच धाकटं भावंड. म्हणजे इस्लामपूरच्या मिस्त्रीलाही ते उघडता येतं आणि पार्ट सांगलीतच मिळतात, आणि विश्वासार्हता या शब्दात हे पण धरायला पाहिजे असं मला वाटतं. गाडी बंद पडणं एक, पण पडल्यावर ती किती दिवस रॅम्पवर पडून राहते हे दुसरं, आणि जर्मन गाडीचा एखादा सेन्सर बाहेरनं यायचा असेल तर तीन आठवडे जागा अडते. पण १केडीला पण आपलं दुखणं आहेच. इंजेक्टरच्या खालचे तांब्याचे वॉशर सुटले की ज्वलनाचा धूर आत ऑइलमध्ये मिसळतो, काळा गाळ होतो, तो तळाशी ऑइल ओढायच्या जाळीवर बसतो आणि इंजिन तेलाविना चालतं. परत तेच, वॉशर शेकड्यात, इंजिन लाखांत. आणि बेल्ट दीड लाख किलोमीटरला. फक्त फरक असा की "टोयोटा आहे, काही होत नाही" म्हणून लोक हे बघतच नाहीत. शिवाय तिचा भाव पडत नाही, दहा वर्षांची प्राडो ज्या पैशात येते त्यात दोन एमएल येतात, म्हणून निवड वाटते तेवढी सोपी नाही.

आणि प्राडो बाहेरनं बनून आलेली, तिचा एक खर्च लोकांना पंधराव्या वर्षी कळतो. १ एप्रिल २०२२ पासनं पंधरा वर्षं झालेल्या खाजगी चारचाकीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी ६०० रुपयांवरनं ५,००० झाली, पण इंपोर्टेड चारचाकीला तीच ४०,००० आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० आणि इंपोर्टेडला ८०,००० केली. वर आपला महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा, फिटनेस वेगळा. तेरा वर्षांची इंपोर्टेड गाडी स्वस्तात मिळतीय म्हणणाऱ्यानं दोन वर्षांनी हे येणार आहे ते लिहून ठेवावं. उलट ऑडीच्या बऱ्याच गाड्या आपल्या शेंद्र्याला औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) जोडल्यात, मर्सिडीजच्या चाकणला, त्यामुळं तोच मॉडेल इंपोर्टेड पण असू शकतो आणि इथं जोडलेला पण. आरसी बुक वाचा.

वर्षाचा खर्च किती, हा सगळ्यांचा शेवटचा प्रश्न असतो, खरं तर पहिला असायला पाहिजे. मी सांगते दीड ते दोन लाख वर्षाला वेगळे काढा, डिझेल आणि इन्शुरन्स सोडून, आणि पहिल्या वर्षी गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे हाताशी ठेवा. एखाद्या वर्षी साठ हजारातच भागेल, ऑइल आठ लिटरच्या वर लागतं, फिल्टर, ब्रेक पॅड, एवढंच. पुढच्या वर्षी टायर आले की संपलं, १९ इंची चांगला टायर अठरा-वीस हजाराच्या पुढंच, आणि ऑल व्हील ड्राईव्हला दोनच नवे टाकून चालत नाही, चारी सारखे झिजलेले पाहिजेत नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो. टायरची नक्षी बघून फसू नका, बाजूवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष, कमी फिरलेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत आणि रबर दगड असतात. इन्शुरन्सचं थर्ड पार्टी १५०० सीसीच्या वर २०२२ च्या दरानं ७,८९७ रुपये, ते काही जास्त नाही, पण एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप (पार्टचा घसारा न कापणारा इन्शुरन्स) शक्यतो मिळत नाही आणि एक हेडलाईट फुटला की आपल्या खिशातनं किती जातात ते तेव्हा कळतं. एक बरं झालं, २२ सप्टेंबर २०२५ पासनं ऑटो पार्टवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला, आधी बऱ्याच पार्टला २८ होता, तेवढा फरक माझ्या बिलात दिसतो.

पार्टबद्दल एक. कंपनीच्या डब्यातला पार्ट आणि तो पार्ट जिनं कंपनीला बनवून दिला तिच्या स्वतःच्या डब्यातला पार्ट यात बऱ्याच वेळा फक्त डब्याचा फरक असतो, भाव निम्मा. सस्पेन्शन आर्म, फिल्टर, थर्मोस्टॅट, सेन्सर, यात हे बिनधास्त करा. चेसिस नंबर टाकून पार्ट नंबर काढा आणि मगच मागवा, "एमएलचा आर्म द्या" असं सांगून मागवलेला माल बसत नाही आणि परत पण जात नाही. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या बाजारातनं काढलेला पार्ट दरवाजा, आरसा, सीटची मोटर यासाठी ठीक, पण जुना एअर स्ट्रट किंवा जुना कॉम्प्रेसर कुणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा, तो पण आपल्या गाडीच्याच वयाचा रबर आहे. आणि कंट्रोल मॉड्यूल जुना घ्यायच्या आधी तो कोडिंग (आपल्या गाडीची सेटिंग) घेतो का ते विचारा, काही मॉड्यूल एका चेसिसला बांधले की दुसऱ्या गाडीत उठतच नाहीत.

कमी किलोमीटरच्या गाडीवर लोक भाळतात, बारा वर्षांत फक्त बेचाळीस हजार! मला ती गाडी जास्त काळजीची वाटते. एकतर आकडा खरा आहे का, कारण काही गाड्यांत किलोमीटर एकापेक्षा जास्त मॉड्यूलमध्ये लिहिलेले असतात, मीटर मागं फिरवणारा सगळीकडचे फिरवत नाही, चांगल्या स्कॅनरवर फरक दिसतो. आणि खरा असला तरी उभ्या गाडीचं रबर वाळतं, कूलंट वर्षानं खराब होतं किलोमीटरनं नाही, डिझेल शिळं होतं. त्यापेक्षा एक लाख साठ हजार झालेली, पुणे-कोल्हापूर दर आठवड्याला करणारी, आणि दर दहा हजाराला बिल असलेली गाडी द्या, मी डोळे झाकून होय म्हणेन.

आमचे एक गिऱ्हाईक आहेत, शाळेतनं रिटायर झालेले सर. त्यांच्याकडं जुनी मोठी जर्मन गाडी आहे, घरची पहिली आणि बहुतेक शेवटची असं ते म्हणतात. श्रीमंत नाहीत. पण गाडीत एक शंभर पानी वही असते, दर वेळी तारीख, किलोमीटर, काय केलं, पार्ट नंबर, किती रुपये, आणि शेवटच्या पानावर पुढं काय येणार त्याची यादी. दर महिन्याला पोस्टात दहा हजार गाडीच्या नावानं टाकतात. एअर फुग्याला भेग दिसली त्या महिन्यात त्यांनी दोन्ही पुढचे बदलले, कॉम्प्रेसर अजून मूळचाच आहे. दादा म्हणतो सरांची गाडी रॅम्पवर आली की पोरांना शिकवायला बोलवायचं, कारण त्यात दुरुस्ती कमी आणि देखभाल जास्त बघायला मिळते. अशांसाठी ही गाडी आहे. ज्याला महिन्याचे हप्ते भरून वर हातात काही उरत नाही त्यानं कृपा करून घेऊ नये, कितीही आवडत असली तरी, घरातल्या बायकापोरांच्या पैशावर ती चालते हे मी टेबलाच्या या बाजूनं बघितलंय आणि त्या वेळी बिल पुढं सरकवताना मला फार वाईट वाटतं.

विकायची कधी, हे पण विचारतात. इंजिन, गिअरबॉक्स ठीक आहे तोपर्यंत मी विका म्हणत नाही. पण वायरिंग हार्नेस पाण्यानं आतनं हिरवा पडला असेल, किंवा अपघातात चेसिस ओढून सरळ केलेली असेल, किंवा एकाच वेळी गिअरबॉक्स, चारी फुगे आणि इंजेक्टर आले असतील तर तो खर्च गाडीच्या भावाच्या वर जातो, तिथं थांबावं. इंजेक्टरचं आधी टेस्ट बेंचवर रीडिंग काढून घ्या, चार चांगले असताना सहाच्या सहा बदलायला लावणारे असतात.

बघायला जाताना एवढं सोबत न्या: टॉर्च, टेप, साबणाच्या पाण्याची बाटली, आणि स्कॅनरवाला ओळखीचा माणूस, त्याला हजार-दोन हजार द्यावे लागले तरी द्या. फाईल मागा. फाईल नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन मालकामार्फत हिस्ट्री काढता येते का बघा. मालक त्यालाही तयार नसेल तर दुसरी गाडी बघा, बाजारात भरपूर आहेत. आणि ज्यांच्याकडं आधीच आहे त्यांनी या मे महिन्यात सनरूफच्या नळ्या आणि चारी फुगे तेवढे बघून घ्या, जूनमध्ये आमच्याकडं रॅम्प रिकामा नसतो.